सुटकेनंतरची शिक्षा

ठाकूरद्वारला आमच्या वाडीत राहणारा एक तरुण गेल्या पावसाळ्यात एक छापील अर्ज घेऊन माझ्याकडे आला. एका खाजगी सुरक्षासंस्थेत पहारेकऱ्याची जागा त्याला मिळण्यासारखी होती. अर्जाच्या तळाशी परिसरातील दोन प्रतिष्ठित नागरिकांच्या सह्या हव्या होत्या. अर्जदारास आम्ही ओळखतो व त्याची वर्तणूक चांगली आहे, एवढाच मजकूर. या मुलाला मी तो चाळीच्या गॅलरीत रांगत होता तेव्हापासून ओळखतो. त्याचे आजोबा गिरणीकामगार होते. १९८२ च्या संपानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. वडील छापखान्यात होते. तो छापखानाही पुढे बंद पडला. मुलगा बारावीपर्यंत शिकला आणि मिळेल ते काम करू लागला. असे असूनही मी त्याला म्हणालो, "ठेवून जा, पाहतो."

याचे कारण सांगितले पाहिजे. विसर्जनाच्या रात्री झालेल्या एका मारामारीच्या प्रकरणात तो पकडला गेला होता. खुनाच्या प्रयत्नाचे कलम लागले, जामीन मिळाला नाही, आणि अडीच वर्षे त्याने आर्थर रोडच्या तुरुंगात कच्चा कैदी म्हणून काढली. शेवटी खटला उभा राहिला तेव्हा न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. निकालपत्राची प्रत त्याने अर्जासोबत जोडली होती. ती मी वाचलीही. तरीदेखील तो अर्ज माझ्या टेबलावर एका पुस्तकाखाली तीन आठवडे पडून राहिला. 'उद्या काही झाले आणि पोलिस सही पाहून आपल्याकडे आले तर?' हा विचार मनात येत होता, आणि तो येत होता याची लाजही वाटत होती. अखेर सही करून मी त्याला हाक मारली, तेव्हा तो म्हणाला, "राहू द्या सर, ती जागा भरली." त्याच्या आवाजात राग नव्हता. असा अनुभव त्याला नवा नसावा.

तीस वर्षे मी महाविद्यालयात श्रमाचे अर्थशास्त्र शिकवले. बेकारी हा बेकाराचा दोष नव्हे, असे विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना सांगितले. स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या माणसाचा हात जर एका सहीसाठी अडखळतो, तर ठेकेदाराने, बँकेच्या कारकुनाने वा घरमालकाने त्या तरुणाला दारातून परत पाठवले, यात नवल ते काय? त्या मुलाची क्षमा मी त्याच्याकडे मागितली आहे. ती येथे मागण्याचे कारण नाही. प्रश्न सार्वजनिक आहे, आणि त्याचा विचार करणे आपल्यासारख्या समाजवादी म्हणवणाऱ्यांना अगत्याचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन प्रकारचे परतणे

तुरुंगातून परत येणे ही आपल्या परंपरेत मानाची गोष्ट मानली गेली आहे. ठाकूरद्वारहून पायी निघाले तर अर्ध्यापाऊण तासात जेथे पोहोचता येते, त्या डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली सव्वीस वर्षांचे दोन तरुण ठेवण्यात आले होते. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या अब्रुनुकसानीचा आरोप त्यांच्यावर शाबीत झाला होता. एकशे एक दिवसांनी ते बाहेर आले तेव्हा लोकांनी त्यांचे जाहीर स्वागत केले. त्यांपैकी गोपाळ गणेश आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले आणि पुढे ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. दुसरे, टिळक, लोकमान्य झाले. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिली. आणीबाणीत मी शाळेच्या वरच्या वर्गात होतो. १९७७ साली सुटून आलेल्या कार्यकर्त्यांच्या गळ्यात पडलेले हार मला आठवतात. 'तुरुंगात जाऊन आलेला' हे आपल्याकडे कार्यकर्त्याच्या ओळखीत अभिमानाने सांगितले जाणारे विशेषण आहे.

परंतु त्याच दारातून, त्याच दिवशी, दुसराही माणूस बाहेर पडत असतो. त्याला न्यायला कोणी आलेले नसते. पिशवीत दोन कपडे आणि खिशात सुटकेचा कागद घेऊन तो सात रस्त्याच्या थांब्यावर उभा राहतो. राजबंद्याला तुरुंगाने प्रतिष्ठा दिली. या माणसाची होती तेवढी प्रतिष्ठा तुरुंगाने हिरावून घेतली. राजबंदी बाहेर आला तेव्हा त्याच्यासाठी पक्ष, संघटना, वर्तमानपत्र, मित्रमंडळी उभी होती. आगरकरांच्या बुद्धिमत्तेविषयी कोण शंका घेईल? पण सुटून आल्यावर त्यांना पुन्हा उभे राहण्यास एक शाळा आणि दोन वृत्तपत्रे तयार होती, हेही तितकेच खरे आहे. माणूस पुन्हा उभा राहतो तो केवळ मनोधैर्यावर नव्हे. पाय टेकण्यास जमीन लागते.

तुरुंगात असते कोण?

सर्वसामान्य समज असा की तुरुंगात गुन्हेगार असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतील ४,३४,३०२ म्हणजे शंभरातील पंचाहत्तरांहून अधिक कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हा कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेला नाही, अशी ही माणसे. एकूण कैद्यांत दहापैकी सुमारे चारजण अठरा ते तीस या वयाचे असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग यांचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांश भरते. मुसलमानांचे तुरुंगातील प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतील प्रमाणापेक्षा जास्त आहे. आमच्या आर्थर रोडच्या तुरुंगाची अधिकृत क्षमता हजाराच्या आत आहे. गेली कित्येक वर्षे तेथे तीन हजारांहून अधिक माणसे कोंबलेली असतात. झोपण्यासाठी पाळी लावावी लागते, हे तेथून आलेला कोणीही सांगेल.

हे लोक आत का राहतात? जामीन नाकारला जातो म्हणून, आणि जामीन मंजूर झाला तरी तो भरता येत नाही म्हणूनही. १९७८ साली मोतीराम नावाच्या एका गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याच्याकडून दहा हजारांचा जामीन मागितला गेला होता, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे या कारणाने त्या भावाला जामीनदार म्हणून नाकारण्यात आले होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निकालात गरिबांकडून असे जामीन मागण्याच्या पद्धतीवर कठोर टीका केली. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, २०२३ साली, केंद्र सरकारला गरीब कैद्यांसाठी खास योजना काढावी लागली. तिच्यात कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद तेव्हा होती. जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४७९ व्या कलमाने, जन्मठेपेचे वा फाशीचे गुन्हे वगळता, प्रथमच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडण्याची सोय केली आहे. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत. परंतु त्या तुरुंगाच्या दारापाशी संपतात. दाराबाहेर काय होते, याकडे आता वळू.

हानीचा हिशेब

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हिशेब मांडावा. बाविसाव्या वर्षी आत गेलेला तरुण अडीच वर्षांनी बाहेर येतो तेव्हा त्याने काय गमावलेले असते?

अडीच वर्षांचे वेतन, हे उघडच आहे. शिवाय घरच्यांनी वकिलासाठी काढलेले कर्ज. दोन वर्षे व्यवहार न झालेले बँकखाते रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे निष्क्रिय ठरते. ते पुन्हा चालू करण्यास कागदपत्रे लागतात. कागदपत्रांना पत्ता लागतो. गिरगावात आज पत्ता टिकवणे सोपे राहिलेले नाही. भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानक २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. त्या कामासाठी आणि एरव्हीही पुनर्विकासासाठी येथील कित्येक चाळी गेल्या. माणूस आत असताना चाळ रिकामी झाली, कुटुंब विरारला वा डोंबिवलीला भाड्याने राहायला गेले, तर सुटका झालेल्याने जावे कोठे? खेरीज आत असताना त्याला मतदान करता येत नाही. तुरुंगात असलेल्याला निवडणूक लढवता येते, मत मात्र देता येत नाही, ही आपल्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यातील तरतूद किती वाचकांना माहीत असेल?

शिक्षा झालेल्या कैद्याला आत काम मिळते. महाराष्ट्रात २०२३ साली त्याच्या मजुरीचे दर वाढवण्यात आले. वाढीव दर असे: कुशल कामगारास दिवसाला ७४ रुपये, अर्धकुशलास ६७ आणि अकुशलास ५३, खुल्या वसाहतीत ९४. त्रेपन्न रुपयांत गिरगावात दोन वडापाव आणि एक कटिंग चहा मिळेल. कैद्याच्या मजुरीतून निर्वाहाचा खर्च कापता येईल, पण मजुरी न्याय्य असली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली गुजरातच्या प्रकरणात दिला होता. पाच वर्षे राबून बाहेर पडणाऱ्याजवळ एका खोलीच्या अनामतीइतकीही रक्कम साठू नये, ही मजुरी कोणत्या अर्थाने न्याय्य? आणि कच्च्या कैद्याला तर बहुधा कामच नसते. त्याचा वेळ नुसता जातो.

पण या सर्वांहून मोठी हानी ती, जी कोणत्याही खतावणीत दिसत नाही. श्रमाच्या बाजारात माणसाची किंमत ठरते ती त्याच्या कौशल्याइतकीच त्याच्याविषयीच्या विश्वासावर. गिरगावातला मुलगा पूर्वी नोकरीला लागे तो ओळखीने. गिरणीत बाप मुलाला बदली म्हणून लावी. छापखान्यात, पेढीवर, दुकानात कोणीतरी शब्द टाकी. तुरुंग नेमका हा शब्द तोडतो. १९८२ च्या जानेवारीत सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले आणि त्यांतील बहुतेकांच्या घरांत पुन्हा पूर्वीची चूल पेटली नाही. त्यानंतर लालबाग-परळच्या कित्येक मुलांना टोळ्यांनी जवळ केले. त्या मुलांना आपला म्हणणारा, दरमहा पैसे देणारा, तुरुंगात गेल्यावर घरी शिधा पाठवणारा आणि सुटल्यावर न्यायला येणारा एकच मालक उरला होता, आणि तो म्हणजे टोळी. याची नोंद आपण समाजवाद्यांनी प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. सुटलेल्या तरुणाच्या पुनर्वसनाची यंत्रणा या शहरात होती. पण ती चालवली गुंडांनी. शासनाने नव्हे, आणि आम्हीही नव्हे.

आमदाराला सहा वर्षे, पहारेकऱ्याला जन्मभर

आता या लेखाचा जो मुख्य मुद्दा, त्याकडे येतो.

लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्याचे आठवे कलम पाहा. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेला माणूस निवडणुकीस अपात्र ठरतो. ही अपात्रता सुटकेनंतर आणखी सहा वर्षे राहते. सहा वर्षे संपली की तो पुन्हा आमदार होऊ शकतो, खासदार होऊ शकतो, मंत्री होऊन कायदे करू शकतो. ही अपात्रता आजन्म असावी अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रतिज्ञापत्र दाखल करून तिला विरोध केला. शिक्षेच्या अशा परिणामांना कालमर्यादा घातल्याने जरब राहते आणि अनावश्यक कठोरपणा टळतो, असा त्याचा आशय होता.

युक्तिवाद अगदी योग्य आहे. मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे. फक्त तो आमदारापाशी का थांबावा, एवढेच मला विचारावयाचे आहे.

कारण आता दुसरा कायदा पाहा. खाजगी सुरक्षासंस्थांचे नियमन करणाऱ्या २००५ च्या केंद्रीय कायद्याच्या दहाव्या कलमानुसार, सक्षम न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला पहारेकरी म्हणून कामावर घेता येत नाही. किती वर्षे? त्याला मर्यादा घातलेली नाही. विसाव्या वर्षी एका चोरीसाठी सहा महिने आत गेलेला माणूस पन्नासाव्या वर्षीही इमारतीच्या फाटकावर खुर्ची टाकून बसण्यास अपात्र आहे. त्या इमारतीत राहणारा आणि शिक्षा भोगून आलेला पुढारी मात्र सहा वर्षांनी विधानसभेत बसण्यास पात्र आहे. राज्य चालवण्यापेक्षा फाटक उघडण्याला अधिक निष्कलंक चारित्र्य लागते, असे आपला कायदा मानतो, असेच याचे तात्पर्य काढावे लागेल.

आणि आज मुंबईत अल्पशिक्षित तरुणाला मिळणाऱ्या नोकऱ्या कोणत्या? पहारेकरी, वाहनचालक, घरपोच वस्तू पोहोचवणारा. बहुतेकांसाठी पोलिसांच्या पडताळणीचा दाखला मागितला जातो. गिरणीच्या फाटकावर कोणी असा दाखला मागत नसे. आमच्या वाडीतील मुलाला तर कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही. कायद्याची ती बंदी त्याला लागूही होत नाही. तरी पडताळणीच्या कागदावर 'गुन्हा दाखल' हे शब्द येतात, आणि त्यापुढचे 'निर्दोष मुक्तता' हे शब्द वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. मीही तीन आठवडे घेतले नाहीत.

शिक्षेला मुदत असते, कलंकाला नसते. न्यायाधीश दोन वर्षे म्हणतो, समाज जन्मभर म्हणतो. आणि समाजाच्या या निकालावर अपील नाही. ज्यांच्या कलंकाची सुरुवात जन्मापासून होते असेही समाज आपल्याकडे आहेत. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो १९५२ साली रद्द झाला. परंतु आजही एखाद्या गावात चोरी झाली की पहिली झडती पारध्यांच्या पालावर जाते. तुरुंगाच्या नियमावलीत जातीनुसार कामे वाटण्याच्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवल्या त्या ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, आणि त्याही मुंबईच्या सुकन्या शांता या पत्रकार महिलेने याचिका केली म्हणून.

दुसरा मार्ग आहे काय? आहे, आणि तो आपल्या कायद्यांतच अर्धवट आखलेला आहे. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या बाराव्या कलमाने, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या चोविसाव्या कलमानेही, काही अपवाद वगळता, बालकाची अपात्रता दूर केली आहे. इंग्लंडने १९७४ साली कायदा करून ठरावीक काळ निष्कलंक वागलेल्या माणसाची जुनी शिक्षा संपुष्टात आल्याचे मानले. आपल्याकडे प्रौढ शिक्षाभोग्यासाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. निर्दोष सुटलेल्याला भरपाई देणारा कायदाही नाही. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात तशी शिफारस केली होती.

झालेले प्रयोग

हे सारे स्वप्नरंजन आहे, असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्राचा इतिहास दाखवावा लागेल. औंध संस्थानात आटपाडीजवळ १९३९ च्या सुमारास स्वतंत्रपूर नावाची भिंत नसलेली वसाहत उभी राहिली. मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची ती कल्पना, आणि औंधच्या राजांचा तिला पाठिंबा. शिक्षा झालेले कैदी तेथे कुटुंबांसह राहून शेती करीत. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरून व्ही. शांतारामांनी १९५७ साली काढलेला 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट या प्रयोगावरून सुचलेला. चित्रपट सर्वांनी पाहिला, डोळे पुसले. पण स्वतंत्रपुरासारख्या वसाहती जिल्ह्याजिल्ह्यांत निघाल्या नाहीत.

आमच्या शेजारची उदाहरणे घ्या. घाटकोपरचे लक्ष्मण गोळे एके काळी गुंडगिरीत होते. तुरुंगात गांधीजींची आत्मकथा त्यांच्या वाचनात आली आणि त्यांनी न्यायालयापुढे आपले गुन्हे कबूल केले. सुटल्यावर ताडदेवच्या मुंबई सर्वोदय मंडळाने त्यांना जवळ केले, आणि ते ठिकठिकाणच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांशी बोलू लागले. ही कथा सांगताना लोक पुस्तकाचा महिमा गातात. तो आहेच. पण पुस्तक वाचून झाल्यावर बाहेर आलेल्या माणसाला बसायला एक खुर्ची आणि करायला एक काम कोणी तरी दिले, हा भाग सांगायचा राहून जातो.

दुसरे उदाहरण अब्दुल वाहिद शेख यांचे. २००६ च्या लोकलगाड्यांतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात हा मुंबईचा शाळाशिक्षक नऊ वर्षे तुरुंगात होता. २०१५ साली न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले. ते पुन्हा शिकवू लागले, वकिलीचे शिक्षण घेतले, आपला अनुभव लिहिला. एकाने गुन्हा केला होता व कबूल केला. दुसऱ्याने केलाच नव्हता. दोघांचे मार्ग वेगळे, विचारही वेगळे असतील. पण बाहेर आल्यावर दोघांनाही करण्यासारखे काम मिळाले, एवढे समान आहे.

टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून मुंबईच्या तुरुंगांत आणि तुरुंगाबाहेर हेच काम करीत आला आहे: कायदेशीर मदत, निवारा, प्रशिक्षण, नोकरी. आणि सहकाराच्या क्षेत्रातील एक उदाहरण तर आपण मुद्दाम ध्यानात घ्यावे. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने मे २०२२ मध्ये येरवड्याच्या कैद्यांसाठी 'जिव्हाळा' ही कर्जयोजना सुरू केली: पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, आणि फेड तुरुंगातील मजुरीतून. ज्याला बाहेर कोणी पाच हजार उसने देणार नाही, त्याला एक बँक पतपात्र मानते! पत म्हणजे विश्वास. आत असताना जी पत मिळू शकते, ती बाहेर आल्यावर का नाहीशी व्हावी?

आक्षेप

दोन आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला असा की, निष्कलंक तरुण बेकार असताना गुन्हेगाराच्या नोकरीची काळजी का? याला माझे उत्तर असे की, बेकारांच्या रांगेत कोणाला पुढे घालावे असे मी म्हणत नाही; रांगेतून कोणाला कायमचे बाहेर काढू नये, एवढेच म्हणतो. शिवाय एका कैद्याला तुरुंगात पोसण्याचा खर्च समाजच करतो. सुटलेला माणूस काम न मिळाल्यामुळे पुन्हा आत गेला, तर तो खर्च दुसऱ्यांदा होतो, आणि मधल्या काळात ज्याचे घर फुटले तो बहुधा कोणी गरीबच असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे काय? ज्या कुटुंबातला माणूस गेला, ज्या स्त्रीवर अत्याचार झाला, तिने हे सर्व विसरावे काय? मुळीच नाही. विसरण्याची सक्ती कोणावर करता येणार नाही. मुलांवरील अत्याचारासारख्या गुन्ह्यांत शाळा, वसतिगृहे अशा जागा कायमच्या बंद राहिल्या तर ते योग्यच आहे. पण ती बंदी गुन्ह्याशी व कामाशी जोडलेली हवी. सर्व गुन्ह्यांना, सर्व कामांना, सर्व काळासाठी एकच बंदी, यात पीडिताचे कोणतेही हित नाही. कैद्याच्या न्याय्य मजुरीतून पीडिताला भरपाई देता येते. बेकार माणसाकडून काहीच देता येत नाही.

आपण काय करावे

मागण्या चार. एक: शिक्षेनंतरच्या अपात्रतेला मुदत घालणारा सर्वसाधारण कायदा, निदान आमदाराला जी सहा वर्षे, त्याहून अधिक नाहीत. दोन: निर्दोष सुटलेल्याच्या पडताळणीत त्या खटल्याचा उल्लेखच येऊ नये, आणि विधी आयोगाच्या २०१८ च्या शिफारशीप्रमाणे भरपाई मिळावी. तीन: तुरुंगातील मजुरी किमान वेतनाशी जोडावी. चार: महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला, १९८१ साली सुरक्षारक्षकांसाठी मंडळाचा कायदा केला. कामगार, मालक व शासन तिघे मिळून चालवावयाची मंडळे आपण काढली. सुटलेल्या तरुणांची नोंदणी या मंडळांतून व्हावी आणि त्याआड येणारी केंद्रीय कायद्यातील बंदी दुरुस्त व्हावी.

परंतु कायदे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पक्षाच्या प्रत्येक विभाग-कार्यालयाला काही कामे आजच करता येतील. सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दारापाशी एक माणूस जावा. शिधापत्रिका, बँकखाते, आधार यांसाठी एक कार्यकर्ता त्याच्यासोबत आठवडाभर फिरावा. ज्याला पत्ता नाही त्याला कार्यालयाचा पत्ता पत्रव्यवहारासाठी मिळावा. ज्यांच्याजवळ मिळकत आहे त्यांनी जामीनदार राहण्याची तयारी ठेवावी. आपल्या कामगार-संघटनांनी, सहकारी पतपेढ्यांनी, ग्राहक-भांडारांनी वर्षाकाठी एक तरी माणूस कामावर घ्यावा. यास ना निधी लागतो ना ठराव. थोडे धैर्य मात्र लागते, आणि ते माझ्यासारख्या वयोवृद्ध पुरोगाम्यातही किती कमी असते, हे मी वर सांगितलेच आहे.

वाडीतला तो मुलगा सध्या मूळजी जेठा मार्केटात कापडाचे गठ्ठे वाहतो. त्याची माथाडी म्हणून नोंद नाही. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही, सुट्टी नाही, अपघात झाला तर काही नाही. सकाळी लवकर जातो, रात्री उशिरा येतो. जिन्यात भेटला की थांबतो. मी त्याला सांगून ठेवले आहे की, पुन्हा कोठे अर्ज करशील तेव्हा माझ्याकडे ये, सही त्याच क्षणी होईल. तो "हो सर" म्हणतो. अद्याप आलेला नाही. त्याने यावे अशी वाट पाहत न बसता, माथाडी मंडळाचा नोंदणी-अर्ज आता मीच आणला आहे. येत्या रविवारी, त्याची सुट्टी असेल तेव्हा, दोघे मिळून तो भरणार आहोत.